विष्णुपुरीला कोण येतंय!

नायगावच्या स्टँडवर नांदेडची गाडी काही येईना. पंचफुलाबाई दुखरा गुडघा चोळत बसल्या होत्या, पण कान होते शेजारच्या बाप-लेकीकडं. पोरीला विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि राहायचं कुठं यावरून दोघांची जुंपली होती.

"अयोध्या, नांदेडात स्टँडाजवळची खोली घे. गाडीतून उतरलं की खोली!"

"म्हणूनच नको, बाबा. मी विष्णुपुरीलाच ऱ्हाणार, विद्यापीठाजवळ. तिथं लई शांत हाय."

"शांततेला काय चाटायचंय? गावचं माणूस बाजाराला आलं तर टेकंल कुठं?"

"श्रीमंतदादाची खोली स्टँडाजवळच होती ना? सिंधुआत्याच्या लग्नाचा सगळा बस्ता त्याच्या खाटंवर. मामा रोज जेवून तिथंच आडवे. वरून तुमी बोकड बांधून गेलात!"

"दोनच तास बांधला होता."

"तेवढ्यात त्यानं दादाचं आख्खं अर्थशास्त्र खाल्लं!"

"बोकडाला काय कळतंय त्यातलं?"

"दादालाबी मग कळलं न्हाई. नापास झाला."

बापानं टोपी झटकून परत डोक्यावर चढवली.

"बरं, घे तुझी विष्णुपुरी. तिकडं आडबाजूला कोण मरायला येतंय?"

"तेच तर पाहिजे मला!"

आता मात्र पंचफुलाबाईंना राहवेना.

"पोरी, विष्णुपुरी म्हंजी त्यो मोठा सरकारी दवाखाना हाय, तिथंच ना गं?"

"हाव, आजी. जवळच."

"लई बेस झालं बाई! गुडघ्यापायी मला दर सोमवारी तिथंच यावं लागतंय. खोली कितवी म्हणलीस?"

अयोध्या बापाकडं बघत राहिली. बापाचा चेहरा मात्र सकाळपासून पहिल्यांदाच खुलला.

"सांग की गं, आजी विचारून राहिल्या!"