आठवडा टाकी

श्रीधर : ...आणि अख्ख्या शहरात तुला हीच टाकी मिळाली? सख्ख्या भावाचा टाक्यांचा कारखाना असताना?

अश्लेषा : आधी सावलीत ये दादा. एप्रिलचं ऊन आहे. गच्चीवर उभं राहून भांडलास तर चक्कर येईल.

श्रीधर : हर्सूलच्या तलावापासून दिसत होती. पिवळी जर्द. गाडी चालवताना मी मनात म्हणतोय, कुणी बसवली असेल ही? आणि जवळ येतो तर बहिणीचंच घर!

अश्लेषा : लांबून दिसावी म्हणूनच पिवळी केलीये त्यांनी.

श्रीधर : आपली चार थरांची आहे, ही तीन थरांची. वाजवून बघ. आपल्या टाकीवर हत्ती उभा केलास तरी काही होणार नाही.

अश्लेषा : माझ्या गच्चीवर हत्ती कशाला येईल? हे बघ, ही बाजूची नळी. तिच्यावर सात खुणा आहेत. आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. मी अंगणातूनच बघते. पाणी चौथ्या खुणेच्या खाली गेलं, की त्या दिवशी चादरी धुवायच्या नाहीत. दोन हजार तेराच्या दुष्काळात सासूबाई काठी घेऊन वर चढायच्या, टाकीत बुडवून बघायला. गुडघे धरून उतरायच्या. टाकी तेव्हा तुझीच होती.

श्रीधर : नळी लावणं म्हणजे काय, दहा मिनिटांचं काम.

अश्लेषा : मग ही टाकी बाजारात आल्यापासून तीन वर्षांत दहा मिनिटं का नाही मिळाली?

श्रीधर : तो विषय सोड. मी सहीसाठी आलोय. बाबांनी तुला कंपनीत भागीदार करून ठेवलंय म्हणून यावं लागलं. हा कागद. खाली, उजवीकडे.

अश्लेषा : वाचू तर दे. "पुढील तीन वर्षे सदर कारखान्यात केवळ 'आठवडा' टाक्यांचेच उत्पादन होईल..." दादा! म्हणजे आपण राजेंद्रच्या या पिवळ्या टाक्या करून द्यायच्या? मग आपलं नाव?

श्रीधर : आपलं नाव आहे कुठं आता? मशीन निम्मे दिवस थंड असतं. जायकवाडीत मृतसाठा, सातारा परिसरापासून पिसादेवीपर्यंत नव्या इमारती, घराघराला टाकी लागते आणि माझी चौदा माणसं पत्ते कुटत बसतात. त्याला मात्र माल पुरत नाही. राजेंद्रला! माझ्या गेटवर चलनं लिहायचा तो. ट्रकमध्ये टाक्या चढवायला माणूस कमी पडला तर स्वतः खांदा लावायचा.

अश्लेषा : तुला त्याचा राग येतो.

श्रीधर : राग आला असता तर बरं झालं असतं. परवा लासूर स्टेशनला एका दुकानात बसलो होतो. एक बाई आली. म्हणाली, "आठवडा द्या." टाकी द्या म्हणाली नाही, नुसतं 'आठवडा'. दुकानदारानं माझा मान राखायला माझी टाकी पुढं केली. तिनं बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून मला धड जेवण जात नाही, अश्लेषा. घरी पद्मजाला वाटतं पित्त झालंय.

अश्लेषा : हे नाव ज्या मुलीनं दिलं, ती आधी तुझ्याकडेच आली होती ना? रूपाली. तू आम्हाला सांगितलंस, हावरट होती, जास्त पैसे मिळाले म्हणून पळाली.

श्रीधर : तिचं इथं काय?

अश्लेषा : टाकी बसवून महिना झाला की ती स्वतः येऊन बघून जाते. तिला अकराला बोलावलंय. तू दहाला येणार होतास, उशीर तू केलास.

(खाली बेल वाजते. अश्लेषा कठड्यावरून हाक मारते. रूपाली जिना चढून वर येते. खांद्याला पिशवी, हातात वही.)

रूपाली : ताई, नळीत शेवाळ तर नाय ना चढलं? ...नमस्कार सर. तुम्ही इथं?

श्रीधर : ही माझी बहीण.

रूपाली : अगं बाई. मला ठाऊक नव्हतं. मी नंतर येऊ का?

अश्लेषा : नाही, थांब. नळी स्वच्छ आहे, पण खुणा उन्हानं फिकट व्हायला लागल्यात.

रूपाली : व्हय, तीन घरी हेच ऐकलं. लिहून घेते. पुढच्या मालात खुणा साच्यातच उठवाव्या लागतील.

श्रीधर : साचा बदलायचा? खुणांसाठी? राजेंद्र ऐकतो तुझं?

रूपाली : झाकणासाठी बदलला व्हता सर. बायाच चढतात गच्चीवर, एका हातात बादली असती. एका हातानं झाकण उघडत नव्हतं. मी एकदाच बोलले. आठ दिवसांत जुना साचा मोडीत.

श्रीधर : रूपाली, सीधी बात करतो. तो जे देतो त्याच्या दुप्पट देतो मी. उद्यापासून ये.

रूपाली : पैसा तवाबी व्हता सर. मी पगार मागितला त्याच महिन्यात तुम्ही गेटला काळं ग्रॅनाइट बसवलं.

अश्लेषा : हे मला नवीन आहे. काय झालं होतं नक्की?

रूपाली : काय नाय ताई. सरांनी सांगितलं, आधी टाकीच्या नावाचे, चित्रांचे नमुने करून दाखव, आवडले तर बघू. मी अकरा केले. आमच्या बिडकीनला मी आईसंग नळावर वाढलेली. पाचशे लिटर म्हंजे किती, हे कुठल्याच बाईला सांगता येत नाय. पण किती दिवस पुरंल, हे सगळ्या सांगतात. म्हनून नाव काढलं, 'आठवडा'. सर हसले. म्हनले, दोन शब्द सुचायला पगार कशाला लागतो? ह्यो तर एकच शब्द हाय.

अश्लेषा : दादा!

रूपाली : मग त्यांच्या पुतन्यानं, देवेशनं, कंप्युटरवर चित्र केलं. टाकीवर हिमालय आन् धबधबा.

श्रीधर : ते फुकट झालं होतं.

रूपाली : दिसतच व्हतं सर.

अश्लेषा : आणि राजेंद्रनं काय वेगळं केलं?

रूपाली : त्यांना दुसरं मशीन घ्यायचं व्हतं. ते थांबवलं. म्हनले, मशीन पुढल्या साली, आधी तुम्ही. दोन वर्षांचं नेमणूकपत्र दिलं, पहिल्या तारखेपासून पगार. आन् सहा महिने मला रेघसुद्धा ओढू दिली नाय. टेम्पोत बसवून घरोघर धाडलं. मुकुंदवाडी, गंगापूर, पैठण. लोक पानी कसं साठवतात, कुठं सांडतं, कोन चढतं, कोन भांडतं. त्यांच्या घरचे म्हनायचे, ही पोरगी करती तरी काय? ते म्हनायचे, बघती.

श्रीधर : सहा महिने नुसतं बघायचा पगार! आणि त्याला भीती नाही वाटली?

रूपाली : वाटली ना. बायकोचे दागिने मोडायची पाळी आली व्हती. पन मला कधी बोलले नाय. मला लई उशिरा कळलं.

श्रीधर : माझ्याकडं त्याच्यापेक्षा चांगलं मशीन होतं. चांगला माल होता. बाबांचं नाव होतं. आणि त्याला दिसलं ते मला...

अश्लेषा : तुला दिसलं नाही, असं म्हण.

श्रीधर : दिसलं होतं.

अश्लेषा : म्हणजे?

श्रीधर : ही गेल्यावर मी ते नाव कागदावर लिहून बघितलं होतं. एकदा नाही, कागद भरेपर्यंत. मला त्याच क्षणी कळलं होतं की हेच नाव. बावीस वर्षं मी टाक्या करतोय आणि हे मला सुचलं नाही. बिडकीनहून एसटीनं आलेल्या मुलीला सुचलं. ते टाकीवर छापलं असतं तर रोज गेटमधून आत जाताना मला ते वाचावं लागलं असतं. म्हणून हसलो मी. नाव वाईट होतं म्हणून नाही.

रूपाली : सर, मला वाटलं व्हतं नाव खरंच वाईट हाय.

श्रीधर : नव्हतं.

रूपाली : चार महिने मी वही उघडली नाय. आई म्हनायची, सोड ती चित्रं, अंगणवाडीत जागा हाय, अर्ज कर. मी अर्ज लिहिलाबी व्हता. राजेंद्र सर तो अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी आले, तुमच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांकडून माझं नाव ऐकून.

श्रीधर : चुकलं माझं. फार चुकलं.

अश्लेषा : दादा, मी या कागदावर सही करणार नाही.

श्रीधर : मग त्या चौदा माणसांना काय सांगू?

अश्लेषा : मशीनचे निम्मे दिवस राजेंद्रला दे. निम्मे आपल्या टाकीला ठेव. आपली टाकी चांगली आहे, हे मलाही माहितीये. पण ती चांगली आहे हे तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही, आणि तुला तर अजिबातच सांगता येत नाही.

श्रीधर : आणि सांगणार कोण? ही तर येत नाही.

रूपाली : मी नाय येनार. पन स्वराली हाय, आमच्याच कॉलेजची, माझ्या मागची. सध्या लग्नपत्रिकांवर गणपती काढती. हात माझ्यापेक्षा चांगला हाय तिचा. नंबर देते.

अश्लेषा : राजेंद्रला चालेल हे?

रूपाली : आज संध्याकाळी मीच सांगनार त्यांना. निम्म्या मशीनवर थोडं कुरकुरतील. पन त्यांना माल पायजे, आन् सरांसारखा माल दुसरीकडं मिळत नाय.

श्रीधर : तिच्याशी काय बोलायचं? मला बोलता येत नाही या लोकांशी.

रूपाली : नमुने मागू नका. आधी पगार सांगा. मग गप ऱ्हावा.

श्रीधर : किती दिवस?

रूपाली : ती बोलंपर्यंत.

श्रीधर : आणि तिनं खरंच काही चांगलं आणलं तर? मला माझा स्वभाव माहितीये. पुन्हा पोटात आग पडेल.

रूपाली : पडंल की. जळा थोडं. पन छापा.

अश्लेषा : चहा टाकते मी. दोघंही या खाली.

रूपाली : नको ताई, अजून चार घरं ऱ्हायलीत. सर, राजेंद्र सरांना निरोप काय देऊ?

श्रीधर : सांगा, निम्म्या मशीनवर तुमच्या टाक्या करून देतो. माल चोख देईन. आणि सांगा की श्रीधरला तुमचा हेवा वाटतो... नाही, हे राहू द्या. हे मी स्वतः जाऊन सांगेन.