पाहणीची वेळ

सुरतेजवळ पलसाण्याच्या दवाखान्यात, केसपेपरच्या रांगेत, डाईंग मिलचे दोन कामगार माझ्यापुढे उभे होते.

"निंबाभाऊ, सुकलाल आजपण मशीनजवळच पडला?"

"हो. या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा."

"सरकारनं बाहेरून मोठा तज्ज्ञ नेमला होता ना, कामगारांच्या उकाड्याचं धोरण ठरवायला?"

"आला होता विमानानं. भर दुपारी मिलमध्ये शिरला आणि दहा मिनिटांत भोवळ येऊन खाली बसला. मीच उचलून सेठच्या एसीत नेला."

"चला, साहेबाला कळलं तरी."

"कळलं ना. लगेच नियम काढला."

"काय?"

"पाहणी सकाळी आठच्या आत उरकायची."

"आणि आपली दुपारची पाळी?"

"कामगारांना सवय असते, असं लिहिलंय."