इटालियन साहेबाची खोली

फोनवर हॅलो म्हणताना मला घाम फुटतो, म्हणून तुम्ही हसता. पण गड्यांनो, मी फोनवर इटालियन बोललोय!

तेव्हा मी सांगलीत मामाच्या लॉजवर गल्ल्यावर बसायचो. कारखान्यात यंत्रं बसवायला एक इटालियन साहेब येणार होता, चांगला पावसाळाभर राहणार होता. खोलीसाठी तो मुंबईहून आम्हाला आणि समोरच्या लॉजलाही फोन करणार, असं कळलं.

मामा म्हणाला, "त्याच्या भाषेत अदबीनं बोल. गिऱ्हाईक समोर गेलं, तर तूबी तिकडंच जा."

कडेगावचे तात्या महायुद्धात इटलीत लढलेले. त्यांनी मला खोलीबद्दलची गोड वाक्यं शिकवली. अर्थ विचारायचं काही सुचलं नाही, पण आंघोळ करतानासुद्धा मी ती घोकली.

ट्रंककॉल आला. तात्या शेजारीच बसलेले. मी डोळे मिटून म्हणालो, "बोनजोर्नो, सिन्योर! ऊना कामेरा, पेर फावोरे. ग्रात्सिए!"

पलीकडे मोठ्यानं हसणं. मग साहेबाचा दुभाष्या हिंदीत म्हणाला, "साहब कहते हैं, आप इटली आओ तो कमरा जरूर देंगे. पहले उनको तो दो!"

खोली आमच्याकडंच ठरली. फोन ठेवून मी म्हणालो, "आवं तात्या, मी त्यालाच खोली मागितली व्हय?"

"मग? लढाईत आमी दारोदार खोली मागतच फिरलो," तात्या म्हणाले. "तंबूत राहणाऱ्याकडं खोली मागायला कोण येतंय रं?"