बंद पडणारी गाडी

नौपाड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी सत्तरीतलं एक जोडपं.

"हेमा, कधीच बंद न पडणारी गाडी म्हणजे नुसतं यंत्र. रुसून बंद पडते, तिलाच जीव असतो!"

"म्हणून वागळे इस्टेटमधला तो पन्नास वर्षांचा खटारा घ्यायचा?"

"गॅरेजवाला प्रामाणिक आहे गं. म्हणाला, काका, शक्यतो उतारावरच पार्क करा."

"आणि उतार नसेल तिथे?"

"तू स्टिअरिंग धर, मी मागून धक्का मारतो. बाबांची गाडी मीच ढकलायचो."

"तेव्हा तुम्ही सोळा वर्षांचे होतात. आज डॉक्टर ढकला म्हणाले, तर खुशाल घ्या."

"शब्द दिलास हं!"

"सुधीर टिपणीस, आत या."

"आलो, आलो!... हेमा, जरा मागून हात लाव गं. उठता येत नाहीये."