यूच्या पोटात

इंग्लंडमध्ये, श्रॉपशरमधल्या त्या चर्चच्या आवारात चहाच्या रांगेत आम्ही सहाजण होतो. भिंतीला टेकलेल्या सायकली मात्र पाचच होत्या, कारण त्यांतली एक जोडसायकल होती. तिच्यावरून आलेले नॉर्मन आणि बेरिल माझ्यापुढेच उभे होते. बेरिलची दृष्टी गेल्या हिवाळ्यात गेली होती.

"चहा झाला की मला स्टेशनवर सोड, नॉर्मन. मी घरी जाते."

"अगं, खरं रान तर आता सुरू होतंय!"

"तुला रान. मला नुसता चढ आणि पुढे तुझी पाठ."

"चाळीस वर्षं तीच बघतेयस की!"

"म्हणून तर तिची उणीव भासत नाही."

"बरं, जा. पण आधी या यूच्या झाडाला हात लाव. चर्चच्याही आधीचं आहे म्हणतात. अहो, आमची जागा धरता का जरा?"

मी मान डोलावली. झाड रांगेपासून चार पावलांवरच होतं.

"नॉर्मन, हे खोड संपतच नाही रे! आणि इथे तर भोक आहे!"

"आतून पोकळ आहे. वाक, आत ये."

"झाडाच्या आत?"

"बाकसुद्धा आहे. बस."

"...गप्प बस जरा. वर काहीतरी चाललंय."

"कबुतर असेल."

"कबुतराच्या वर. अख्खं झाड करकरतंय, हळूहळू."

"मला नाही ऐकू येत."

"तुला कुठलं येणार! असं दुसरं झाड कुठे आहे?"

"एकोणीस मैलांवर."

"चढ?"

"फारसा नाही."

"मग चहा पटकन आण."

संध्याकाळी त्या दुसऱ्या यूपाशी मी पोहोचले, तेव्हा आतून दोघांचे आवाज येत होते. माझ्या सायकलच्या मीटरवर अंतर साडेबावीस मैल भरलं, आणि चढ चारशे दहा मीटर.