भिंतीपलीकडची फटाकडी

— नाही नाही, बसा की, चिखलाचे बूट राहू देत, या घरातली फरशी स्वच्छ असते ही नुसती अफवा आहे. काय म्हणालात, स्पष्ट ऐकू आली? तुम्ही यंत्रावर तिची हाक वाजवलीत आणि आमच्या मागच्या भिंतीपासनं लगेच उत्तर आलं? दोनदा? अहो, मग येणारच! फटाकडी आहेच इथे — नाव बघा आणि स्वभाव बघा, एवढीशी पाणकोंबडी, पण चिखलात अशी दडून बसते की दिसायची कुणाला नाही, नुसता आवाज. आणि नुसत्या आवाजावर चालतं ना तुमचं? चालतं. बरं झालं बाई. म्हणजे तुमच्या पक्षी-पाहणीच्या अहवालात फटाकडी आली की भरावाचे ट्रक थांबतील — असंच म्हणालात ना मघाशी दारात?

थांबायलाच हवेत हो. सबंध बेटावर एवढीच दलदल उरलीय. मी लग्न होऊन आले तेव्हा चिखलातले निवटे मासे उड्या मारत पायरीपर्यंत यायचे, खेकडे मोरीतून थेट स्वयंपाकघरात — पुढे खेकडा, मागे झाडू घेऊन सासूबाई! एकदा मी पाणमांजर बघितलं, तर हे म्हणाले, घूस असेल. आता खरंच घुशीच आहेत. भराव पडला, भरतीचं पाणी आत येईना, तिवरांची झाडं उभ्या उभ्या वाळली. फटाकडी मात्र आहे. तुम्हीच ऐकलीत ना. मी? मी अलीकडे... माझं काय घेऊन बसलात, मला कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही.

पोर? मागे आहे, भिंतीशी. चार वर्षांची. बोलत नाही फारशी. डॉक्टर म्हणतात, बोलेल. सासूबाई म्हणतात, पुस्तकं वाचून पोरं वाढवली की असंच व्हायचं. आणि मला दोघांचंही पटतं, हीच माझी बोंब. पण नक्कल अशी करते म्हणता — फटाकडीचीच! टिक्-टिक्-टिक् आणि मग ती घसरत जाणारी कापरी शीळ, डोळे मिटून ऐकलंत तर — रोज सकाळी हाक घालते आणि कान देऊन थांबते. पूर्वी पलीकडून उत्तर यायचं. मग येईनासं झालं. तरी ही रोज — नाही, तसं नाही म्हणायचं मला. तुम्ही ऐकलंत ते पाखरूच असेल. असेलच. तुम्ही एवढे शिकलेले, हातात एवढं यंत्र —

असे बघू नका हो. नुसतं गप्प बसायचं होतं मला, एवढंच काम होतं, तेही जमलं नाही. तुमच्या यंत्राने हाक दिली ना, तेव्हा पोर धावत आत आली, माझा हात ओढला आणि म्हणाली, "आई, ती परत आली." सबंध वाक्य. पहिलं. कधीपासून जीव टांगून बसले होते त्या एका वाक्यासाठी — आणि ते आलं तर असं. मी काय म्हणणार? म्हटलं, हो गं राणी, आली.

पुसताय ते मघाच्या उत्तराचं रेकॉर्डिंग? पुसा. नाही, रागावले नाही, तुमचंही बरोबरच आहे. पाणी तरी — नको? बरं. यंत्र बंद आहे ना? नीट बघा, चुकून बटण दाबलं जायचं. आणि मागच्या दाराने नका जाऊ. ती उभी आहे तिथे.