राखणदाराचा दगड सरकवताना

भुताखेताला मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. म्हणजे दिवसा, आणि सोबतीला चार माणसं असली तर.

आमच्या वाडीचा रस्ता रुंद करायला नगरपरिषदेचा निधी आला, पण मार्चअखेरपर्यंत काम झालं नाही तर तो परत जाणार. आणि मध्येच राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा, दगड. खोदायच्या मशीनवाला म्हणाला, "आधी देवाला गाऱ्हाणं घाला, मग मी हात लावतो." वयाने मोठा म्हणून सगळ्यांनी मलाच पुढे ढकललं. रस्त्याचं काम बघणारा इंजिनीअर साहेबही शेजारी उभा होता.

मी नारळ धरून सुरू केलं, "बा राखणदारा म्हाराजा, रस्त्यासाठी तुला जरा बाजूला सरकवतोय. काय चुकलंमाकलं तर या इंजिनीअर सायबांना धर."

"होय म्हाराजा," सगळे सवयीने म्हणाले. मला हसू फुटणार, तोच मशीन दगडाला टेकलं आणि गचकन बंद पडलं. मशीनवाला उडी मारून खाली उतरला आणि लांब जाऊन उभा राहिला. मी नारळ घाईघाईने साहेबापुढे धरला.

"सायब," मी म्हटलं, "तुम्हीच हात जोडा. चूक मी तुमच्यावर घातलीय."

साहेब शांतपणे म्हणाला, "आजोबा, मी कोल्हापूरचा. तुमचा राखणदार मला ओळखत नाही. तुम्हाला मात्र तो लहानपणापासून बघतोय."